ब्रिम्बलचा पितळी आकडा

हेस्टर : "बंद होती" एवढंच म्हणायचं. दोन शब्द, ओबेड. त्यात घाम फुटण्यासारखं काय आहे?

ओबेड : दोनच आहेत, वहिनी. पण उद्या सकाळी दहाला बराकीत पाच साहेब लांबलचक टेबलामागे बसणार. मला खुर्ची देणार, हातांना बँडेज आहे म्हणून. आणि विचारणार, "टिझर्ड, लढाई चालू असताना क्वीन मटिल्डाच्या दारूकोठारांची दारं उघडी होती की बंद?" बाराशे माणसं होती बोटीवर. वाचलो सहा. बाकीचे पाच वरचे. दोन झेंडेवाले, एक डोलकाठीवरचा, दोन कुठले ते त्यांनाच आठवत नाही. खाली होतो तो मी एकटा.

हेस्टर : मग तर झालंच. तू म्हणशील तेच खरं.

ओबेड : तेच तर.

लेटी : आई, काका इस्पितळातून होडीने खाडी ओलांडून आलेत, त्यांना आधी बसू तरी दे. ओबेडकाका, बसा ना. त्या खुर्चीत नको पण, ती बाबांची...

हेस्टर : बसू दे त्यातच. खुर्ची आहे ती, थडगं नाही.

ओबेड : गल्लीत शिरलो तर वाटलं, चुकून रात्रीचा आलो की काय. भर दुपारी सगळ्यांचे पडदे खाली.

लेटी : सगळ्यांचे नाही. चाळीस घरांत बावीस. मी मोजलीत. दोन आठवडे झाले, कुणी वर करायला तयार नाही, जो आधी करेल तो निर्दय ठरणार. लूसमोरकाकूंकडे तर दोन्ही मुलगे गेले. एकाच दिवशी दोन तारा आल्या, आणि काकूंनी दुसरी उघडलीच नाही. म्हणाल्या, ही सकाळचीच आहे, चुकून परत आणलीस.

ओबेड : धाकटा टोबी सायलसमास्तरांच्याच कोठारात होता.

हेस्टर : माहीत आहे मला. म्हणून तर सांगतेय. काल लूसमोरबाई गुर्दा भरलेली पाई घेऊन आल्या होत्या. दोन पोरं गेलेली बाई मला खायला घेऊन येते. आणि इथे उभं राहून म्हणते, "हेस्टर, मला एकाच गोष्टीचा धीर आहे. माझा टोबी सायलस ब्रिम्बलच्या हाताखाली होता. त्याच्यासारखा जपणारा माणूस अख्ख्या आरमारात नाही." मी काय बोलले असेन?

ओबेड : काय बोललात?

हेस्टर : चहा घेता का विचारलं.

लेटी : पण जपायचेच ना बाबा. खोटं काय आहे त्यात? घरी आले की आधी खिसे उलटे करायचे. काडेपेटी नको, खिळा नको, किल्ली नको. मी एकदा वेणीत पत्र्याची पिन लावली होती तर म्हणाले, लेटी, ठिणगी पडते याने. मी म्हटलं, बाबा, मी काय दारूचं पिंप आहे? तर म्हणाले, तुझ्या आईला विचार.

हेस्टर : घरातसुद्धा नमद्याच्या सपाता घालून फिरायचे. कोठारातली सवय. मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही. वीस वर्षं दचकत संसार केला मी.

ओबेड : आम्हीही दचकायचो. एखाद्याच्या बुटाला खिळा दिसला तर मास्तर बूट काढून समुद्रात फेकायचे. बुटाच्या आत पाय असला तर पायासकट फेकीन म्हणायचे.

हेस्टर : मग? अशा माणसाने दारं उघडी टाकली होती, असं तू उद्या पाच साहेबांसमोर सांगणार?

लेटी : थांबा. मला कुणी नीट सांगतच नाही. उघडं दार म्हणजे काय होतं? दारच ना ते.

हेस्टर : तुला काय करायचंय?

लेटी : गल्लीत सगळे कुजबुजतात, मी गेले की गप्प होतात. माझेच बाबा होते, आई. मलाच कळू नये?

ओबेड : हे बघ पोरी. वर डेकवर तोफेचा पोलादी बुरूज असतो. त्याच्या पोटातून विहिरीसारखी एक पोकळी सरळ खाली जाते, सात मजले समज. तळाशी दारूकोठार. दारू म्हणजे रेशमी पिशव्या, एकेक लोडाएवढी. नियम असा, की दार किलकिलं करायचं, पिशवी बाहेर द्यायची, दार लावायचं. मग पुढची पिशवी. वर बुरुजात आग लागली तरी ती विहिरीतून खाली येऊन बंद दारावर आपटते आणि तिथेच मरते. बुरुजातली माणसं जातात. पण बोट राहते.

लेटी : आणि दार उघडं असलं तर?

ओबेड : तर बोट राहत नाही.

हेस्टर : पोरीला कशाला सांगतोस हे सगळं?

ओबेड : विचारतेय ती. आता यात अडचण अशी, की दर पिशवीला दार उघड-लाव करायचं तर वेळ जातो. आणि नेमबाजीच्या शर्यतीत वेळेलाच सगळं महत्त्व. आमच्या साहेबांना वेड होतं. गोळे किती लागले ते कुणी विचारायचं नाही, किती भराभर उडवले तेवढंच. तीन वर्षं आमचा बुरूज शेवटून पहिला. मग एकदा मास्तर सुट्टीवरून आले ते खिशात...

लेटी : आकडा घेऊन आले.

ओबेड : हो. पितळी. लोखंडाची ठिणगी पडते म्हणून पितळी. दार भिंतीला टेकवायचं, आकडा अडकवायचा, की दार पुन्हा मध्ये येत नाही. पिशव्या पाणी वाहिल्यासारख्या वर जाणार. त्या वर्षी चषक आमचा.

लेटी : या टेबलावर केला होता तो. माझ्या पलंगाची पितळी दांडी कापून. मी पलीकडून धरून बसले होते, बाबा कानशीने घासत होते. "हलवू नकोस लेटी, राजाच्या आरमाराचं काम आहे." मी त्यावर शाळेत निबंध लिहिला, काका. 'माझे वडील आणि त्यांचा शोध.' बाईंनी वर्गापुढे वाचून दाखवला. वर्षभर मी त्या निबंधावर मिरवले.

हेस्टर : सगळेच मिरवलो. तो फोटो बघ, फडताळावरचा. यांच्या हातात चषक, आणि मोठे साहेब यांच्या खांद्यावर हात ठेवून. साहेबांना माहीत नव्हतं का आकड्याचं?

ओबेड : साहेबांना चषक दिसत होता. आकडा बघायची त्यांना गरज नव्हती.

हेस्टर : मग त्यांना विचारा ना. मेलेल्या माणसाला कशाला?

ओबेड : मोठे साहेबही बोटीबरोबर गेले, वहिनी.

हेस्टर : तेही खरंच. बरं, मी सांगते तसं सांग. पोलाद पातळ होतं म्हण. सगळं बंदर तेच म्हणतंय. गोदीतला माणूससुद्धा म्हणतो, आपल्या या लढाऊ क्रूझर धावायला बांधल्यात, मार खायला नाही. मोठ्या ड्रेडनॉट युद्धनौकेला असतं तसं जाड चिलखत यांना नाहीच. जर्मनांनी वेग थोडा कमी घेतला आणि पोलाद चढवलं. हे खोटं आहे का?

ओबेड : अजिबात नाही. पातळच होतं.

हेस्टर : मग तेवढंच सांग की.

ओबेड : मीही तेच ठरवलं होतं. इस्पितळात पडल्या पडल्या पाठ करत होतो. पोलाद पातळ, पोलाद पातळ. पण शेजारच्या खाटेवर एक जर्मन तोफवाला आणून टाकला. समुद्रातून उचललेला. युद्धाआधी सहा वर्षं ब्रायटनच्या हॉटेलात वेटर होता, इंग्रजी माझ्याहून चांगली. नर्सने मटण आणलं की म्हणायचा, "मॅडम, हे मी गिऱ्हाइकापुढे ठेवलं नसतं."

लेटी : शत्रूच्या शेजारी झोपलात तुम्ही?

ओबेड : दोघांचीही कातडी सोललेली होती, पोरी. भांडायला उठणार कोण? तर तो सांगत होता, मागच्या वर्षी त्याच्या बोटीचे दोन बुरूज असेच पेटले. दीडशेहून जास्त माणसं क्षणात गेली. पण बोट घरी गेली. तेव्हापासून त्यांच्याकडे एका वेळी एकच पिशवी बाहेर, आणि दार बंद. कितीही घाई असो. त्याने मला विचारलं, "तुमच्या बोटी अशा फटाक्यासारख्या का उडाल्या?" मी म्हटलं, पोलाद पातळ. तो म्हणाला, "आमच्या पोलादालाही भोकं पडलीच होती."

हेस्टर : तुला नक्की माहीत आहे का यांचं दार उघडं होतं? तू मागच्या बुरुजाखाली होतास. हे पुढच्या. मध्ये अख्खी बोट.

ओबेड : डोळ्यांनी नाही बघितलं.

हेस्टर : बघ.

ओबेड : पण त्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः चारही कोठारं फिरून गेले होते. माझ्या दाराचा आकडा हाताने ओढून बघितला. म्हणाले, "ओबेड, आज शर्यत नाही, आज खरं आहे. एकही पिशवी अडता कामा नये. दाराबाहेरही रचून ठेव थोड्या." मी रचल्या. त्यांनी स्वतःच्या दाराशी काय केलं असेल?

हेस्टर : पुढे काय झालं ते सांग.

ओबेड : साडेतीन-पावणेचार झाले असतील. चौदा-पंधरा वेळा आमच्या तोफा उडाल्या. मग दिवे गेले. आवाज असा नाहीच आला मला. बोट जागच्या जागी उभी राहिली, कुणी खांद्याला धरून थांबवावं तशी. शिडीची लोखंडी कडी तापून लाल झालेली, तिला धरूनच वर आलो. हात तिथेच गेले. वर डोकं काढलं तर पुढची अर्धी बोट नव्हती. तिथे पाणी होतं. आणि आकाशातून पत्र्याची ताटं पडत होती, आमच्याच जेवणाची.

लेटी : बाबांना कळलं असेल?

ओबेड : नाही. शपथेवर सांगतो, लेटी. कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळच नव्हता.

हेस्टर : चॅपलच्या भिंतीवर दगड बसवणार आहेत. तेवीस नावं. यांचं पहिलं, हुद्द्याने मोठे म्हणून. पाद्रीबाबा परवाच विचारून गेले, सायलसच्या नावापुढे काय कोरायचं. मी म्हटलं, "काळजी घेणारा." उद्या तू "उघडी होती" म्हणालास, की हीच गल्ली म्हणेल, बावीस जणांना या एकाने मारलं. लूसमोरबाई माझ्या दारावरून मान फिरवून जातील. चुकीचंही म्हणता येणार नाही त्यांचं. मला इथेच राहायचंय, ओबेड. या पोरीला इथेच वाढायचंय. बोट गेली, माणसं गेली. आता दारं उघडी होती का बंद, याने कोण परत येणार आहे?

ओबेड : परत कुणी नाही येणार.

हेस्टर : मग?

ओबेड : वहिनी, आकडा एकट्या मटिल्डावर नव्हता. चषक मिळाल्यावर सगळ्या बोटींवरून माणसं बघायला आली. मास्तरांनी प्रत्येकाला नमुना दिला. आमच्या अख्ख्या ताफ्यात त्याला ब्रिम्बलचा आकडाच म्हणतात. क्वीन फिलिपावर तर बाराच्या बारा दारांना आहे. फिलिपा आजही समुद्रावर आहे.

हेस्टर : फिलिपावर माझा ॲम्ब्रोज आहे.

ओबेड : म्हणून तर म्हणतोय.

हेस्टर : पण तो भटारखान्यात आहे. स्वयंपाक्याच्या हाताखाली. बटाटे सोलतो. मीच लावलं त्याला तिकडे, यांच्याशी भांडून. घरातला एक माणूस दारूवर बसलाय तेवढा पुरे, म्हटलं.

लेटी : आई.

हेस्टर : काय?

लेटी : रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण आधी ऐक.

(लेटी शिवणाच्या डब्याच्या तळातून घडी घातलेला कागद काढते.)

हेस्टर : कधी आलं हे?

लेटी : गेल्या गुरुवारी. फिलिपावरचा एकजण सुट्टीवर आला होता, त्याच्या हाती दिलं दादाने. पोस्टाने टाकलं असतं तर साहेबांनी उघडून वाचलं असतं. माझ्या नावावर आहे. तुला दाखवू नको म्हणून वरच लिहिलंय.

हेस्टर : वाच.

लेटी : "लेटे, हे आईला कळू देऊ नकोस, नाहीतर ती पोहत येऊन माझा कान धरेल. मला भटारखान्यातून खाली घेतलंय. दारूकोठारात. कुणी ढकललं नाही, बाबांची बातमी आली त्याच संध्याकाळी मीच जाऊन मागितलं. बटाटे सोलत बसवेना. इथल्या सगळ्या दारांना बाबांचे आकडे आहेत. मी खाली गेलो तर म्हातारा गनर म्हणाला, 'आकडेवाल्याचा पोरगा आला, याला शिकवायला नको.' सगळ्यांनी हात मिळवले. माझ्या दाराचा आकडा मी रोज सकाळी पुसतो. बाबांच्या हाताला हात लागल्यासारखं वाटतं. आईला सांग, मी पोटभर जेवतो." एवढंच आहे. खाली सही.

हेस्टर : पाच दिवस तू हे माझ्यापासून लपवलंस.

लेटी : तू झोपत नाहीस, जेवत नाहीस. अजून हे कुठे देऊ तुला? आणि मला तरी कुठे माहीत होतं उघड्या दाराने काय होतं ते? मला आत्ता कळलं, काकांनी सांगितल्यावर. मी वाचून खूश झाले होते, आई. वाटलं, दादाच्या हाताशी बाबांची एक वस्तू तरी आहे.

हेस्टर : लिही त्याला. आत्ताच्या आत्ता. म्हणावं, तो आकडा काढ आणि समुद्रात फेक. हाती दे कुणाच्या तरी, पोस्टाने नको.

ओबेड : लिहा, पण उपयोग नाही. त्याने दार लावलं की वरून शिव्या येतील, पिशवी कुठे अडली म्हणून. दुसरा येऊन उघडेल आणि याला बाजूला करेल. एकोणीस वर्षांच्या पोराचं कोण ऐकतं? दारं बंद व्हायची तर सगळ्या बोटींवर एकदम व्हायला हवीत, आणि तो हुकूम वरूनच यायला हवा. वरच्यांना सध्या पोलाद पातळ आहे एवढंच ठाऊक आहे.

हेस्टर : आणि फिलिपा पुन्हा कधी बाहेर पडणार?

ओबेड : ते जर्मनांनाच ठाऊक. ते निघाले की हे निघणार.

हेस्टर : तू माझ्याकडे का आलास, ओबेड? मला न विचारता जाऊन सांगता आलं असतं तुला. परवानगी हवी होती?

ओबेड : खरं सांगू? उलटं. मला वाटलं, तुम्ही "बंद होती म्हण" म्हणाल. आणि मला तेच ऐकायचं होतं. विधवा बाईच्या सांगण्यावरून खोटं बोललो, असं मनाला सांगता आलं असतं. माझ्याही दाराला तोच आकडा होता, वहिनी. माझ्या हाताने अडकवलेला. आग माझ्या दारापर्यंत आली नाही, एवढाच फरक मास्तरांच्यात आणि माझ्यात. उद्या तिथे फक्त त्यांचं नाव घ्यायचं नाहीये मला.

हेस्टर : घरी आल्यावर तू "बंद म्हण" ऐकलंस. मग उठून का गेला नाहीस?

ओबेड : ऐकल्यावर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

हेस्टर : उघडी होती म्हण.

लेटी : आई...

हेस्टर : उघडी होती म्हण. आणि आकडा कुणी केला विचारलं, तर नाव सांग. अर्धवट सांगितलंस तर म्हणतील, खालच्या माणसांचा आळस. आळशी नव्हते म्हणावं. त्यांना कुणी हळू करायला सांगितलंच नाही कधी. घड्याळ हातात धरून उभे असलेले साहेब होते, त्यांचंही सांग. तो फोटो घेऊन जा हवा तर, त्यात खांद्यावरचा हात स्पष्ट दिसतो.

ओबेड : चांगलं कापडात बांधून द्या. माझ्या हातांनी निसटेल.

लेटी : मग दगडावर बाबांचं नाव?

हेस्टर : दगडाचं मला आत्ता काही सुचत नाही, लेटी. ॲम्ब्रोजचं त्यावर येऊ नये एवढंच कळतंय.

लेटी : गल्लीत सगळ्यांना कधी कळेल?

ओबेड : चौकशी बंद दाराआड असते. पण बराकीतले कारकून याच बंदरातले. चार दिवसांत कळेल.

हेस्टर : चार दिवस लूसमोरबाई माझ्यासाठी पाई भाजणार, आणि मी खाणार? नाही. माझी शाल दे, लेटी. त्यांना हे माझ्याच तोंडून कळायला हवं.

ओबेड : वहिनी, आजच कशाला? उद्या माझी साक्ष होऊ दे.

हेस्टर : उद्या माझा धीर राहणार नाही.

लेटी : मी येते बरोबर.

हेस्टर : नको. बाई मला काय बोलतील ते तू ऐकू नयेस. बोलू दे त्यांना. खिडकीतून बघ जरा, घरात आहेत का.

लेटी : पडदा खालीच आहे त्यांचा. पण दारात आहेत. पायरी घासतायत, गुडघ्यांवर बसून. भरलेली बादली एकटीने ओढतायत.

हेस्टर : आधी बादली उचलू लागते. मग सांगते.